पोच

तो पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, एका मंगळवारी रात्री आला. आमची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, कॅलेंडरमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तारखा मोजते: दर सोमवार, महिन्याचा तिसरा शुक्रवार, महिन्याचा शेवटचा दिवस. या शेवटच्या दिवसातच एक जुनी खोट होती. काही नियम एकत्र आले की लीप वर्षातला फेब्रुवारीसुद्धा २८ तारखेलाच संपायचा. तक्रार कधीची नोंदवलेली होती, तिच्याखाली ‘माझ्याकडेही हेच होतंय’ असं कितीतरी जणांनी लिहिलं होतं. दुरुस्त मात्र कुणी केलं नव्हतं. मीही नाही.

पॅच पाठवणाऱ्यांचं नाव मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मूळ बदल जेमतेम तीस ओळींचा, पण सोबत चौदा टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते पाहणाऱ्या चाचण्या) होत्या आणि त्यांत १९०० आणि २००० ही दोन्ही वर्षं होती. १०० ने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, ४०० ने जाणारं मात्र असतं. ही गोष्ट बोलून न दाखवता जो माणूस टेस्टमध्ये घालून ठेवतो, त्याने खूप तारखा हाताळलेल्या असतात. मी सगळा पॅच वरवर वाचला, मनापासून खूश झाले आणि ठरवलं की हा असा घाईत घ्यायचा नाही, एकदा निवांत बसून नीट वाचायचा. टॅब उघडा ठेवला आणि झोपले.

ते निवांत बसणं अकरा आठवडे झालं नाही.

त्या अकरा आठवड्यांत मी प्रकल्पाकडे फिरकले नव्हते असंही नाही. स्पेलिंगच्या चुका सुधारणारे सात छोटे पॅच मी त्याच काळात घेतले, प्रत्येकाला धन्यवाद लिहिले. लहान होते, दोन मिनिटांत होणारे होते. बाराव्या आठवड्यात त्या पॅचवाल्यांनी स्वतःच आपला पॅच बंद केला. खाली एवढंच लिहिलं होतं: ‘आम्ही आता दुसरी लायब्ररी वापरतो, तेव्हा हे राहू द्या. तुमच्या वेळेबद्दल धन्यवाद.’

तो वेळ मी दिलाच नव्हता. ‘तुमच्या वेळेबद्दल’ हे शब्द मला आजही खुपतात.

स्वयंसेवकांना टिकवायचं कसं, हा प्रश्न ओपन सोर्समध्ये, म्हणजे खुल्या कोडच्या जगात, कुठल्याही गप्पांत निघतो. मग टी-शर्ट, बॅज, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सोपी कामं, मार्गदर्शनाचे कार्यक्रम असं बरंच पुढे येतं. यांतलं काहीच वाईट नाही. पण एक साधी गोष्ट या सगळ्याच्या आधी येते आणि तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: पोच. पाठवलेलं मिळालं, हे पाठवणाऱ्याला कळवणं. ‘पत्र मिळालं, सविस्तर नंतर लिहिते’ एवढ्याने पत्र लिहिणारा निश्चिंत व्हायचा. मी त्या पॅचला सविस्तर उत्तर देऊ शकले नाही, हे एक वेळ समजून घेता येईल. पण पोच द्यायला एक ओळ पुरली असती, आणि ती मी दिली नाही.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्या नोंदी चाळून पाहिल्या होत्या. ज्यांच्या पहिल्या पॅचचा रिव्ह्यू, म्हणजे वाचून तपासणी, ४८ तासांच्या आत झाला, ते परत येण्याचं प्रमाण विलक्षण जास्त निघालं. ज्यांना ७ दिवसांहून अधिक थांबावं लागलं, त्यांतलं जवळपास कुणीच परत आलं नाही. मी हे अकरा आठवड्यांच्या त्या प्रकारानंतर वाचलं आणि आमच्या रेपोची, म्हणजे कोडच्या साठ्याची, मागची तीन वर्षं काढून बसले. मोठी आकडेवारी करण्याइतके लोक आमच्याकडे नाहीतच. पण एकेक नाव घेऊन पाहताना जे दिसलं त्याने मी अस्वस्थ झाले. जितका पॅच चांगला, तितका तो माझ्याकडे जास्त दिवस पडून होता. कारण उघड आहे. स्पेलिंगची दुरुस्ती वाचायला डोकं लागत नाही. नीट विचार करून लिहिलेला पॅच नीट विचार करून वाचावा लागतो, तसा वेळ सलग मिळत नाही, म्हणून तो ‘शनिवारी बघू’ यादीत जातो. म्हणजे ज्यांनी सर्वांत जास्त मेहनत घेतली, त्यांनाच मी सर्वांत जास्त ताटकळत ठेवलं होतं, आणि तेही त्यांच्या कामाबद्दलच्या आदरापोटी. समोरच्याला तो आदर दिसणार कुठून? त्याला फक्त शांतता दिसते. त्या शांततेचा अर्थ तो स्वतःच लावतो आणि बहुतेक वेळा स्वतःच्या विरोधात लावतो.

मी स्वतः या जगात टिकले ती पोच मिळाली म्हणूनच. माझा पहिला पॅच म्हणजे एका लायब्ररीच्या माहितीपानातल्या दोन ओळी. उदाहरणातला कोड जसाच्या तसा चालवला तर चालत नव्हता, इम्पोर्टची (दुसरा कोड आत घेण्याची) एक ओळ राहून गेली होती, ती मी घातली. तो कोड नव्हताच म्हणा. काही तासांत उत्तर आलं. ‘धन्यवाद, घेतलं’ एवढ्यावर भागलं असतं. पण त्या मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, पुढे विचारलं होतं: ‘ही चूक तुम्हाला सापडली, म्हणजे तुम्ही हे पान वाचत वाचत काहीतरी बांधत असणार. आणखी कुठे अडलात का?’

मी तीन ठिकाणी अडले होते. तिन्ही लिहून पाठवली. त्यातल्या एकावर त्यांनी म्हटलं, हे तुम्हीच लिहाल का, मी तपासून देईन. त्या प्रकल्पात मी पुढे सहा वर्षं होते. आपल्याला इथे कुणीतरी पाहिलं आहे, आपण काय करत होतो हे कुणाला तरी जाणून घ्यावंसं वाटलं आहे, ही जाणीव सहा वर्षं पुरली.

लोक मुळात येतात कशाला, यावर अभ्यास झालेले आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २८७ प्रकल्पांमधल्या ६८४ डेव्हलपरना हेच विचारलं होतं. सगळ्यांत जोरकस कारण निघालं ते कामातला आनंद. त्या कामात आपण किती सर्जनशील असतो ही भावना. स्वतःची गरज, शिकायला मिळणं, हीही कारणं होती. मला हे अगदी पटतं. लीप वर्षाची ती खोट दुरुस्त करणाऱ्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचं काम अडलं असेल, खोट सापडली असेल, आणि मग १९०० आणि २००० घालताना त्यांना नक्की मजा आली असेल. ही मजा ते घेऊनच आले होते. ती मी निर्माण करू शकत नाही, फक्त मारू शकते.

आता पैशांबद्दल. ‘स्वयंसेवकांना मानधन दिलं की प्रश्न मिटेल’ असं म्हणणाऱ्यांना मी डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रणालीची गोष्ट सांगते. २००६ मध्ये तिथे नवी आवृत्ती, ‘एच’ (Etch), डिसेंबरमध्ये काढायची होती. ती वेळेत यावी म्हणून काही जणांनी ‘डंक-टँक’ नावाचा निधी उभा केला आणि रिलीज सांभाळणाऱ्या दोघांना काही आठवडे पूर्णवेळ काम करता यावं म्हणून पैसे दिले. हेतू चांगला होता आणि ते दोघे काम करणारेच होते. पण बाकीच्यांमध्ये नाराजी पसरली. आम्ही वर्षानुवर्षं जे फुकट करतो त्यातल्या दोघांच्याच वेळेला किंमत का, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला आणि काहींनी आपलं काम कमी केलं. ‘एच’ शेवटी आली ती ८ एप्रिल २००७ ला. उशिराचं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, डेबियनच्या आवृत्त्या एरवीही उशिरा यायच्या. पण वेळ वाचवण्यासाठी दिलेल्या पैशाने वेळ वाचला नाही, हे तर खरंच.

एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना मध्येच सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढच्या वेळी द्यायचं बंद केलं. मोकळ्या वेळात कोड्याला हात लावण्याची त्यांची ओढ आधीपेक्षा कमी झाली. हॅक्टोबरफेस्टचा २०२० चा ऑक्टोबर तर अनेक मेंटेनरना अजून आठवत असेल. ठरावीक संख्येने पॅच पाठवा, टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना. त्या वर्षी माहितीपानांत एखादं विशेषण घुसडणाऱ्या निरर्थक पॅचची अशी झुंबड उडाली, की आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलावे लागले; ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय त्यांनीच तसं सांगायचं, असं ठरलं.

तरीही मी पैशाच्या विरोधात नाही, आणि ‘सेवा म्हणजे सेवा’ असं म्हणून कुणाच्या कष्टांवर आयतं बसणं तर मला मुळीच मान्य नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही सुरक्षेतली खोट उघडकीला आली तेव्हा जगाला कळलं, की इंटरनेटवरच्या अफाट व्यवहारांची कुलपं सांभाळणाऱ्या या ओपनएसएसएलला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या साधारण २००० डॉलर, आणि पूर्ण वेळ देणारा माणूस होता एक. तिथे पैसा हवाच होता, कितीतरी आधी. कुणालाच आवडीने करावीशी न वाटणारी कामं असतात: सुरक्षेची तपासणी, जुन्या आवृत्त्यांना ठिगळं, सर्व्हरची देखभाल. त्यांना पैसे द्यावेत, उघडपणे आणि सर्वांना विश्वासात घेऊन. पण पैसे दिले म्हणजे पोच द्यायची गरज उरली नाही, असं होत नाही.

श्रेयाचंही तसंच आहे, आणि इथे माझ्या मनात एक जुनं शल्य आहे. एका प्रकल्पात मी तीन आठवडे खपून एक दुरुस्ती पाठवली होती. मेंटेनरने ती ‘थोडी वेगळ्या पद्धतीने केली’ असं सांगून माझा पॅच बंद केला. मी त्यांचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) उघडला. चार व्हेरिएबलची नावं बदललेली होती, बाकी ओळ न् ओळ माझी. लेखक म्हणून नाव त्यांचं. मी भांडले नाही. पुन्हा तिथे गेलेही नाही. लेखकाचं नाव जसंच्या तसं ठेवून वर आपले बदल वेगळ्या कमिटमध्ये घालणं हे गिटमध्ये, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या साधनात, क्षणाचं काम आहे, म्हणून तर ते जास्त लागलं.

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, या बाबतीतली शिस्त मला फार आवडते. बदलाच्या टिपणात कोड लिहिणाऱ्याबरोबर बग कळवणारा कोण, चाचणी करणारा कोण, वाचून तपासणारा कोण, यांच्यासाठी वेगवेगळ्या ओळी असतात. ज्याने कोडची एकही ओळ लिहिली नाही, फक्त ‘माझ्या मशीनवर हे असं अडतंय’ हे चिकाटीने कळवलं, त्याचंही नाव इतिहासात कायमचं राहतं. आम्ही हे उचललं. आमच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) आता प्रत्येक दुरुस्तीपुढे ती कुणी कळवली हेही येतं. साध्या कौतुकानेही फरक पडतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विकिपीडियाच्या सर्वांत सक्रिय १ टक्का संपादकांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही जण निवडून त्यांना ‘बार्नस्टार’ हा अनौपचारिक सन्मान दिला गेला. न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं काम ६० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. बार्नस्टार म्हणजे एक चित्र आणि चार शब्द. मला वाटतं, किमया त्या चित्रात नसून एका माणसाने दुसऱ्याच्या पानावर येऊन ते ठेवण्यात आहे. कारण यंत्राने आपोआप पाठवलेलं ‘तुमच्या योगदानाबद्दल धन्यवाद’ मी शेकडो वेळा वाचलंय आणि एकाही वेळी त्याने मला काही वाटलेलं नाही. ‘२००० सालची टेस्ट पाहून बरं वाटलं’ या वाक्यात मात्र कुणीतरी वाचल्याचा पुरावा आहे.

नकाराबद्दलही लिहायला हवं, कारण नकार देता येत नाही म्हणूनच निम्मी शांतता पसरते. पॅच पटलेला नसतो, तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून तो पडून राहतो. मग एक बॉट साठ दिवसांनी त्यावर ‘निष्क्रिय’ असा शिक्का मारतो आणि आठवड्याभरात बंद करून टाकतो. नकाराचं काम यंत्रावर ढकलण्याची ही पद्धत मला अजिबात आवडत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणारे स्पष्ट सांगतात: कोड सर्वांसाठी खुला आहे, पण बाहेरचे पॅच आम्ही घेत नाही. हे कुणाला तुसडं वाटेल, पण कुणाचा एक रविवारही त्यात वाया जात नाही. ‘हे आम्हाला नको, कारण याने जुन्या फायली वाचता येणार नाहीत’ असं दुसऱ्याच दिवशी सांगितलेले तीन जण आमच्याकडे आज नियमित काम करतात. कारण दिलं की माणूस त्याच्याशी वाद घालू शकतो, दुसरा मार्ग सुचवू शकतो. शांततेशी वाद घालता येत नाही.

इथवर मी पोच न मिळणाऱ्याच्या बाजूने बोलले. पण पोच देणाऱ्याकडे कोण बघतं? तोही स्वयंसेवकच असतो, आणि त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक निरोपांमध्ये एक तर मागणी असते नाही तर तक्रार. चालणाऱ्या गोष्टीबद्दल कुणी लिहीत नाही.

एक्सझेडचं प्रकरण सुरक्षेच्या अंगाने बरंच चर्चिलं गेलं. मला त्यातला वेगळाच भाग विसरता येत नाही. फायली आकसून लहान करणारं हे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं आणि अनेक वर्षं त्याचा भार मुख्यतः एकाच माणसावर होता. २०२२ मध्ये त्याला अनोळखी नावांवरून मेल येऊ लागले: नवी आवृत्ती कधी, पॅच किती महिने पडून राहणार, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने उत्तर दिलं होतं. आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात असू द्या, अशा अर्थाचं. त्या दिवसांत त्याच्या मदतीला एकच जण सातत्याने येत होता. ‘जिया टॅन’ हे नाव लावणारा. नीटनेटके पॅच पाठवणारा, नम्र, चिकाटीचा. दोनेक वर्षांत त्याने विश्वास मिळवला, हक्क मिळवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला रिमोट लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो त्याच्या मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं उघड झालं.

हे वाचून मी त्या रात्री झोपू शकले नाही. कोट्यवधी मशीनवर ज्याचं काम चालतं, अशा थकलेल्या माणसाने ‘मला बरं नाही’ असं जाहीरपणे लिहिलं, आणि त्याच्या शेजारी येऊन बसणारा एकटा होता तो घात करायला आलेला. आपण, म्हणजे ते साधन रोज वापरणारे आपण सगळे, कुठे होतो? त्याला कुणी एक ओळ लिहिली असती तर हे टळलं असतं, असा दावा मी करत नाही. घात करणारे तयारीने आले होते. पण त्या एकटेपणातूनच त्यांना वाट मिळाली, हे मला नाकारता येत नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी वापरत असलेल्या एखाद्या लायब्ररीच्या मेंटेनरला लिहिते. काहीही न मागता. मी काय वापरते, कशासाठी, आणि कुठला भाग मला आवडतो एवढंच. बहुतेकांचं उत्तर येतं. एकाने लिहिलं होतं, नऊ वर्षांत असा मेल दुसऱ्यांदा आला.

कुणी जायला निघालं तर त्यालाही पोच द्यायची असते, हे मी डेबियनकडूनच शिकले. एखादं पॅकेज आता सांभाळता येत नसेल तर तिथे तसं जाहीर करायची रीतसर सोय आहे: मदत हवी, कुणीतरी दत्तक घ्या, किंवा मी हे सोडलं. त्याची सर्वांना दिसणारी यादी असते आणि सोडणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. आमच्याकडे असं काहीच नव्हतं. माझ्याबरोबर चार वर्षं काम केलेली सहकारी आई झाली आणि हळूहळू दिसेनाशी झाली. मी संकोचाने विचारलं नाही, तिने अपराधी वाटून सांगितलं नाही. दीड वर्षाने बोलणं झालं तेव्हा कळलं, की प्रकल्पाकडून येणारा प्रत्येक मेल न उघडता ती पुसून टाकायची, कारण उघडला की रडू यायचं. आता आमच्या पानावर ‘आधी सांभाळणारे’ असा भाग आहे. त्यात तिचं नाव आहे आणि तारखांची वेळ-विभागांशी सांगड घालणारं सगळं गणित तिचं आहे हेही लिहिलं आहे. मजकूर मी तिला आधी दाखवला होता. तिने एक शब्द बदलायला सांगितला, ‘होतं’चं ‘आहे’ करायला.

लीप वर्षाचा तो पॅच मी गेल्या हिवाळ्यात पुन्हा काढला. त्यांची प्रत अजून जागेवर होती. मधल्या काळात आमचा कोड पुढे सरकला होता, म्हणून तो बसवायला एक संध्याकाळ गेली. माझे बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवले, मूळ कमिट त्यांच्या नावाने आणि त्यांच्या तारखेने गेला, चौदाही टेस्ट पहिल्या झटक्यात पास झाल्या. त्यांच्या बंद पॅचखाली मी लिहिलं की हे आता घेतलं आहे, तेव्हा उत्तर न देणं ही माझी चूक होती, आणि १९०० आणि २००० दोन्ही घातल्याचं मला पहिल्याच रात्री आवडलं होतं. त्यांचं उत्तर आलेलं नाही.

काल रात्री नवीन एक पॅच आला. तीनशे चाळीस ओळी, अनोळखी नाव, वेळ-विभागांच्या भानगडीतला. वाचायला सलग दोन तास तरी लागतील आणि ते मला या आठवड्यात मिळणार नाहीत. टेस्ट चालवून पाहिल्या आणि खाली लिहिलं: ‘मिळाला. माझ्याकडे सगळ्या टेस्ट पास होतात. नीट वाचायला रविवार उजाडेल. तोवर एक विचारू का, हे करताना तुम्ही नेमके कुठे अडला होतात?’